सातवा पट्टा

इंडोनेशियात, आमच्या बेकासीत जुनी गाडी घेणारा इंजिनाआधी सीटचे पट्टे पुरते ओढून बघतो. गाडी पुरात बुडालेली असली, तर पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखल लपून राहतो.

मीही एकेक पट्टा ओढला, खटक्यात अडकवला. सहा कोरडे निघाले आणि रिकाम्या सीटला चपटे चिकटले. मागच्या रांगेतला सातवाही कोरडाच होता, पण तो सीटपासून वीतभर पुढेच थांबला. कुणा लहान मुलाच्या छातीवरून गेल्यासारखा.

"पाक, हा अडकतोय का?"

गाडीचे मालक पाक सुगेंग, म्हणजे सुगेंगराव, वर न बघता आरसा पुसत राहिले. "कापून टाका हवं तर. एवढ्या पैशांत सात जणांची गाडी मिळते का कुठं?"

खरंच होतं. बायकोने मान हलवली, घेऊ या.

मी पट्टा आत दाबायला वाकलो. तो उबदार होता. आणि संथपणे वरखाली होत होता.

तेवढ्यात आमची लारास पलीकडच्या दाराने चढून त्या सीटशेजारी बसली. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"बाबा, दार हळू लावा ना. आत्ताच डोळा लागलाय त्याचा."