तिसरा पाट

राजापूरच्या यमूताईंच्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही, ही गोष्ट मोरेश्वरांना चार वर्षं टोचत होती.

रत्नागिरीतल्या नव्या घरासाठी ते आणि उषा गावोगाव फिरून जुन्या वस्तू जमवत. यमूताईंकडून त्यांनी पितळी फुल्यांचे दोन पाट घेतले. तिसराही होता, पण तो विकायला त्या तयार नव्हत्या.

"राहू दे हो," उषा हसली होती. "तिसऱ्यावर काय सवत बसवताय?"

महिन्याभरात पत्र आलं. ‘तिसरा पाट घरात दिसत नाही. तुमच्याकडे आला तर त्यावर कोणाला बसू देऊ नका. लगेच कळवा.’

पाट आलाच नव्हता. बाई आपल्याला चोर समजतात की काय, या संकोचात मोरेश्वरांनी उत्तराचे चार कागद फाडले. उषालाही काही सांगितलं नाही.

परवा दुपारी ते जेवायला आले, तर तीन पाट मांडलेले. उषा तिसऱ्यावर बसली होती.

"अगं, ऊठ आधी!"

"उठत्ये हो, एवढा भात संपू दे."

ताटात भात नव्हता. संध्याकाळी ती तेच म्हणाली. काल सकाळीही तेच, त्याच हसऱ्या आवाजात. त्यांनी हात धरून ओढलं, तर अख्खं घर ओढतोय असं वाटलं.

आज त्यांनी पोस्टकार्ड लिहिलं. ‘पाट आला. ही उठत नाही.’ यमूताईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. तरी पत्ता त्यांचाच घातला.

कार्ड टपालपेटीत पडलं, आणि पेटीच्या आतून जमिनीवर पाट मांडल्याचा आवाज आला.