घासलेलं घमेलं

"पाच मिनिटं इंजिन चालू ठेव. थंडीत ऑइल घट्ट होतं, गरम झालं की नीट उतरतं," शाल पांघरलेले अण्णा लेकीला म्हणाले.

मग गाडी बंद करून, निफाडच्या गारठलेल्या अंगणात गोणपाट अंथरून वृषाली गाडीखाली शिरली. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या अण्णांनी आजवर तिला पान्याला हात लावू दिला नव्हता. आज त्यांनी स्वतःहून पाना दिला, शिवाय घासून लख्ख केलेलं घमेलं.

"काळ्या ऑइलला एवढं स्वच्छ घमेलं कशाला?"

अण्णांनी घमेलं पायानेच गाडीखाली सरकवलं.

इंजिनखालचा बोल्ट पाना लावताच फिरला. धार पडली ती मधासारखी सोनेरी.

"अण्णा, हे तर नवंकोरं आहे!"

"कालच बदललं मी." त्यांनी थरथरणारा हात शालीत ओढून घेतला. "पण बोल्ट नीट आवळला गेला की नाही, हाताला कळेना. उद्या तुला कसारा घाट उतरायचाय."

तिने सगळा जोर लावून बोल्ट आवळला, घमेल्यातलं ऑइल परत इंजिनात ओतलं आणि पाना पुसून त्यांच्यापुढे धरला.

"ठेव तुझ्या डिकीत," अण्णा म्हणाले आणि शालीतला हात बाहेर काढून इंजिनाच्या उबेवर शेकत उभे राहिले.