त्या बोलीतले दोन शब्द

सातपुड्यातल्या एका बोलीच्या व्याकरणाच्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला, म्हणून विद्यापीठात प्राध्यापक हेमलता गोडघाटेंचा सत्कार चालला होता. ती बोली त्यांना शिकवणारी बुधियाबाई गेल्या उन्हाळ्यात वारली. तिच्यामागे ती बोली बोलणाऱ्या आता एकट्या हेमलताबाईच उरल्या होत्या.

“मॅडम, त्या बोलीत दोन शब्द बोला ना!” कुलगुरूंनी आग्रह केला.

शाल सावरत हेमलताबाई माइकपाशी गेल्या. मग बुधियाबाईच्या झोपडीबाहेर उभं राहून मारायच्या, तशीच त्यांनी त्या बोलीत हाक मारली, “बाई, आहेस का घरात? मी आलेय.”

आणि सवयीनं उत्तरासाठी थांबल्या.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

“वा! काय म्हणालात?” कुलगुरूंनी शेजारून विचारलं.

“सगळ्यांचे आभार मानले,” त्या म्हणाल्या.