तळ्यातला शिपाई

नात महिनाभर कॉम्प्युटरवरचा प्रत्येक गेम हरत होती. “माझा हातच वाकडा,” म्हणत रडकुंडीला आलेली. शेवटी आजीने तिला जुन्या कंट्रोलरसकट दुकानात नेलं. दुकानदाराने लखलखत्या दिव्यांचा कंट्रोलर पुढे केला. आजीने डोळे मिटले, अंगठ्याने दांडी ढकलली आणि सोडून दिली. तिने तीस वर्षं बंदरात क्रेन चालवलेली. लिव्हर असाच तपासायची. “ही दांडी मधोमध परत येत नाही.” “मावशी, सगळ्यांत महागडा आहे हा!” “असेल. कॉम्प्युटरला जोडा, आणि हात लावू नका.” पडद्यावर गेममधला शिपाई आपला आपणच चालत जाऊन तळ्यात पडला. पुढच्या दोन कंट्रोलरवरही तेच. चौथ्या, साध्या वायरवाल्या कंट्रोलरवर शिपाई जागचा हलला नाही. “हाच द्या.” तेवढ्यात नातीने हळूच जुना कंट्रोलर जोडला, हात मागे घेतले. शिपाई सरळ तळ्यात. ती नाचायलाच लागली. “आजी, मी हात न लावताच बुडाला!”