डावी गाठ

बाफा कंबरभर पाण्यात उतरला, तेव्हा आमचं सगळं बोझो कोळ्यांचं गाव जाळी खांद्यावर टाकून डोहाच्या काठावर गप्प उभं होतं. बोलायचं नसतंच तेव्हा. पाण्याचा धनी दर वर्षी पहिला मासा धरतो, पाठीच्या पराला लाल दोरा बांधून सोडून देतो. तो मासा पाण्याचा. पुढे कधी कुणाच्या जाळ्यात आला तरी सोडायचा. मग धनी हात वर करतो आणि अख्खं गाव पाण्यात पडतं.

बाफाचा बाप बामोय एकोणीस वर्षं धनी होता. गेल्या पावसाळ्यात तो वारला, आणि आज बाफाची पहिली वेळ. बापाच्या उजव्या हाताची दोन बोटं पाणघोड्याने नेली होती, त्यामुळे त्याची गाठ डावीकडे वळायची. तशी गाठ गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हती. बाफाने महिनाभर घरात बसून खटपट केली, पण छे! धडधाकट दहा बोटांना ती काही केल्या जमेना.

गप्प नव्हता तो फक्त अतेमे. डोंगरातला डोगोन माणूस, सुक्या मासळीच्या बदल्यात कांद्याची पोती घेऊन आलेला. डोगोनाने बोझोला काहीही बोलावं, बोझोने रागवायचं नाही, अशी आमची जुनी रीत आहे.

"अरे बेडका, मासा धरतोयस की पाण्याला गुदगुल्या करतोयस?"

"गप रे कांदेखाऊ!" न्यामोय म्हातारी सगळ्यांच्या पुढे उभी होती, ती फिस्कारली. "डोंगरात प्यायला पाणी नाही आणि इथे तोंड सुटलंय मेल्याचं!"

लोक हसले. न्यामोय हसली नाही. तिची तीन नातवंडं काल रात्री पेजेवर झोपली होती, आणि बाजरीच्या कणगीचा तळ दिसायला लागला होता.

बाफाने जाळं फेकलं. मासा आला, चांगला हातभर. पण त्याच्या पराला आधीच लाल दोरा होता, विटलेला, डाव्या गाठीचा. होतं असं कधी कधी. त्याने तो सोडला आणि पुन्हा फेकलं. दुसऱ्यालाही दोरा. तिसऱ्यालाही.

"एक! दोन! तीन!" अतेमे मोठमोठ्याने मोजत होता. "तुझ्या बापाने काय लग्नाचं वऱ्हाड सजवून ठेवलंय की काय?"

सातव्यानंतर त्याने मोजणं सोडलं. मासे तडफडत नव्हते. बाफाच्या हातात ते निमूट पडून राहायचे, फक्त कल्ले हलायचे. काठावर एकही बगळा नव्हता. पाणी आटायच्या दिवसांत डोहावर बगळे नाहीत, हे तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं. बायकांनी पोरांना जवळ ओढलं.

"एकोणीस," न्यामोय म्हणाली. ती मनातल्या मनात मोजत होती.

विसाव्यांदा जाळं रिकामं आलं. एकविसाव्यांदाही. बाफा डोह आडवा-उभा फिरला. चिखल, शेवाळ, बस्स. नदीवर वरच्या अंगाला बांधलेल्या धरणामुळे तीन वर्षं पूर इथवर जेमतेम पोचत होता, आणि त्या तीन वर्षांत आम्ही जाळी मात्र बारीक करत गेलो होतो. सोडायचा म्हणून सोडलेला तेवढाच मासा उरला होता.

"दोरे काप," मागून कोला म्हणाला. तो गावातला दांडगा गडी. "दोरा काढला की मासा तो मासाच. घरटी अर्धा तरी येईल. बाफा, हात वर कर!"

"कर रे बाबा," आणखी कुणीतरी म्हणालं. "पोरं उपाशी आहेत."

बाफाने न्यामोयच्या नातवंडांकडे पाहिलं. हात वर केला असता तर दुपारपर्यंत डोह धुऊन निघाला असता.

त्याने हात वर केला नाही. तो बाहेर आला, बापाचं लाल दोऱ्याचं रीळ उचललं आणि होड्या बांधायला डोहाभोवती रोवलेल्या खुंटांना दोरा गुंडाळत निघाला. पहिला खुंट, दुसरा, तिसरा. दोरा ज्याला बांधला, ते पाण्याचं. कोला शिव्या घालत राहिला, पण दोऱ्याच्या आत पाय टाकायची त्याचीही छाती झाली नाही.

फेरा पुरा होत आला आणि रीळ संपलं. शेवटच्या खुंटापासून दोरा हातभर कमी पडला. बाफा टोक धरून तसाच उभा राहिला.

न्यामोयने त्या टोकाकडे पाहिलं. मग तिने आपल्या जाळ्याची कडा दातांनी उसवली आणि एक दोरा ओढून काढला.

"घे. एवढं चांगलं जाळं नासवलंस माझं."

अतेमेने कांद्याचं एक पोतं तिच्यापुढे आणून टाकलं. "घे, आता तूही कांदेखाऊ हो," म्हणाला, पण हसला नाही. तो पाण्याकडे बघत होता. काठालगत उथळ पाण्यात लाल दोरे दिसत होते, एका ओळीत, सगळ्यांची तोंडं बाफाकडे.

बाफाने दोन्ही टोकं जोडून घाईघाईत गाठ मारली आणि हात मागे घेतला.

ती गाठ न्यामोयला आधी दिसली. गाठ डावीकडे वळली होती.

बाफा आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरून बघत होता. बोटं पाचही होती. त्याने डाव्या हाताने त्यातली दोन चिमटली, पुन्हा जोरात चिमटली.

"आजी," तो हलकेच म्हणाला, "ह्या दोन बोटांना काहीच कळत नाहीये."