सालीवरचा सात

पोर्तुगालमधल्या आमच्या अलेंतेजूतल्या गावच्या चौकात बुचाचे अकरा ओक आहेत. हिवाळ्यात त्यांची फळं डुकरं खातात, वसंतात जुनी पानं झडून नवी येतात, आणि दर नवव्या उन्हाळ्यात खोडाची साल काढून उघड्या अंगावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा पांढऱ्या रंगाने लिहितात. मागच्या खेपेला, दोन हजार सतरा साली, सगळ्या झाडांवर सात माझ्या नवऱ्याने लिहिला आणि त्याच हिवाळ्यात तो गेला. यंदा दहा झाडं सोलून झाली. अकराव्यापाशी माझा कुस्तोदियू कुऱ्हाड धरून नुसता उभा. “आई, बाबांच्या हातचा हा एकच सात उरलाय. हे झाड पुढच्या वर्षी सोलू.” “पुढच्या वर्षी हात याहून जड होईल. झाड आहे ते, तुझ्या बापाचं थडगं नव्हे.” हात थरथरला तर घाव आत जातो आणि झाड वाळतं, हे मला ठाऊक होतं. तरी म्हणाले, “मार, नाहीतर कुऱ्हाड इकडे आण. म्हातारीने सोललं म्हणून गाव हसू दे तुला.” त्याने छातीवर क्रूसाची खूण केली आणि घाव घातला. तो सालीपुरताच बसला. साल सातासकट गाडीत गेली. खोड लाल, उघडं पडलं. मग त्याने ब्रश माझ्या हाती दिला. मी शाळेत दोनच हिवाळे गेलेली. तरी यंदाचा सहा काढला. “वाकडा आलाय, आई.” “असू दे. नऊ वर्षांनी हाही सोलायचा आहे. तेव्हा असा उभा राहू नकोस, ओरडायला मी नसेन.”