नवव्या ओळीवरचा शेरा

"पटणार नाहीच तुम्हाला. मला स्वतःलाही अजून पटत नाही," कपाटाचं बिघडलेलं कुलूप उचकटत कुलूपवाले काका म्हणाले.

गणित विभागाच्या त्या खोलीत चौघंच होती. शिष्यवृत्तीच्या निकालाची वाट बघणारे दोन विद्यार्थी, लांब्या आणि चष्मेवाली. टेबलाशी कागद वाचत बसलेल्या विभागप्रमुख मॅडम. आणि काका.

शिष्यवृत्ती एकच होती. कालपर्यंत एका वहीत डोकं घालून बसणारी ती दोघं सकाळपासून एकमेकांशी बोलत नव्हती.

पद्धतच तशी होती. शेवटच्या फेरीत उमेदवाराने लिहिलेली सिद्धता कारकून टाइप करायचा, नाव गाळायचा आणि दुसऱ्या उमेदवाराच्या हातात द्यायचा. चूक शोधा, नसेल तर 'चूक नाही' असं लिहा. ज्याच्या कागदात चूक निघाली, तो बाद.

"अडतीस वर्षांपूर्वीही हेच होतं," काका म्हणाले.

"तुम्हाला काय ठाऊक?" चष्मेवालीने विचारलं.

"ऐकलंस तर कळेल ना, बाई! शेवटी दोघंच उरलेले. एक मुलगा आणि एक मुंगी."

"मुंगी?"

"मुलगीच. पण अक्षर इतकं बारीक, की सरांनी तिच्या वहीसाठी खास भिंग आणलं होतं. मुलाच्या मामांचं लोखंडी सामानाचं दुकान. शिष्यवृत्ती मिळाली तर शीक, नाहीतर उद्यापासून खिळे मोज, असं मामांनी बजावलेलं. अशात सर एकदा वर्गात मुंगीच्या उत्तराला 'सुंदर' म्हणाले. झालं! हा जो पेटला तो विझेचना. होस्टेलची पोरं थंडीत त्याच्या पाठीवर ओले मोजे वाळत घालायची."

"काहीही!" लांब्या हसला.

"बरं, मोजे सोड. जळत होता एवढं खरं. मुंगी हसली की याला वाटायचं, मलाच हसली. मुंगी गप्प बसली की वाटायचं, नक्की काहीतरी सुचलंय हिला. त्यात तिचा कागद याच्या हातात पडला. अकरा ओळी, राजा! अकराच. याला तेच सांगायला पाच पानं लागली होती. चार दिवस खोलीचं दार लावून बसला. चूक सापडेना."

"मग?"

"सापडेना म्हटल्यावर तयार केली. 'नवव्या ओळीत भागाकार केला आहे. खालची संख्या शून्य निघाली तर?' असा शेरा ठोकला. ती शून्य निघूच शकत नाही, हे तिसऱ्या ओळीत स्वच्छ लिहिलेलं होतं. त्यानं ते वाचलंही होतं."

चष्मेवालीने चष्मा काढून ओढणीने पुसायला घेतला. "आणि तिनं काय लिहिलं? त्याच्या कागदावर?"

"'चूक नाही. हे मला सुचायला हवं होतं.' एवढंच."

मॅडमनी पान उलटलं.

"परीक्षकांनी याचा शेरा वाचला, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, खोट्या शेऱ्यासाठी यालाच बाद केलं आणि शिष्यवृत्ती मुंगीला देऊन टाकली. मुलगा गेला मामांकडे खिळे मोजायला."

लांब्याने काकांच्या हातातल्या पेचकसाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "काका, तो मुलगा तुम्हीच ना?"

"मीच तो नालायक!" काका एखादं बक्षीस मिळाल्यासारखे हसले आणि नवं कुलूप दाराला लावून पाहू लागले.

मग लांब्या चष्मेवालीकडे न बघताच म्हणाला, "मी तुझ्या कागदावर 'चूक नाही' लिहिलंय."

ती चष्मा पुसतच राहिली. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"मी एक शंका लिहिलीय," ती म्हणाली.

"खरी?"

तिने मान खाली घातली.

काकांनी पेचकस खाली ठेवला. "अजून निकाल लागला नाही, पोरी. मॅडम समोरच बसल्यात. सांगून टाक आणि मोकळी हो. त्या मुंगीसारखी हो जरा."

"मुंगीसारखी नको!" मॅडम इतक्या जोरात म्हणाल्या, की दोघंही दचकली.

त्यांनी हातातले कागद बाजूला सारले. विभागाची कुलपं बघायला येणाऱ्या काकांना त्या आजवर सगळ्यांदेखत 'अहो'च म्हणत आल्या होत्या.

"पुरे रे तुझ्या थापा!" त्या म्हणाल्या. मग चष्मेवालीकडे वळल्या. "मुंगी मी होते. 'चूक नाही' हे यानं लिहिलं होतं, माझ्या कागदावर. याच्या नवव्या ओळीवरचा तो खोटा शेरा माझा. आणि परीक्षकांना तो खरा वाटला."